लाभ, एक, दोन

सापगाव,
ता. २९ जून १९४१, रविवार

चि. सौ. वत्सला हिला,

देवकीचा आशीर्वाद. घरी सगळं ठीक आहे. पांढरी गाय व्यायली, कालवड झाली. खरवस शेजारच्या लहानीकडे आणि मासळीवाल्या धाकलूकडे पाठवला, तुझ्या वाटचा मी खाल्ला.

तुझं कार्ड पोचलं. धसईच्या शाळेत हजर झालीस, मुलींचा वर्ग मिळाला, सावळीबाईंच्या पडवीला लागून खोली मिळाली, हे वाचून बरं वाटलं. मग कार्डाच्या कडेला आडवं, मुंगीएवढ्या अक्षरात जे लिहिलंस तेही वाचलं. नेमणूक कच्ची आहे, पावसाळ्यात डिपोटीसाहेब येऊन वर्ग तपासणार, शेरा चांगला पडला तर कायम, नाही तर पेटी उचलून घरी. आत्याबाईंना दिसू नये म्हणून बारीक लिहिलं असशील तर सांगते, माझे डोळे अजून सुई ओवतात.

यात लपवण्यासारखं काही नाही. राघोनं तुला एका वर्षाचा शब्द दिलाय तो मला ठाऊक आहे. वर्षात कायम झालीस तर मास्तरीण. नाही झालीस तर इगतपुरीला त्याच्या रेल्वेच्या चाळीत, आणि सातवीचं सर्टिफिकेट पेटीच्या तळाशी, लुगड्यांखाली. मी त्या चाळीला नावं ठेवत नाही, माझा लेक तिथं राहतो. पण मुरबाडच्या कचेरीतल्या शिपायाची पोर सातवी पास होते आणि सासरची माणसं तिला आडवी येत नाहीत, असं आपल्याकडे रोज घडत नाही. घडलंय तर ते लुगड्यांखाली जाऊ नये, एवढं मला वाटतं.

तू विचारलंस, दुपारी जीव गळून जातो, पोरी ऐकत नाहीत, काय करू. मी शाळेत गेलेली बाई नव्हे. पण कामाला जन्मभर जुंपलेली आहे, तेवढ्यावर सांगते.

पोरींच्या आधी शाळेत जा. आपण आधी पोचलो की घर आपलं, त्या आधी पोचल्या की घर त्यांचं. छत्रीला एक खुंटी धर, खडूला एक कोनाडा, आणि रोज तिथंच ठेव. हुडकण्यात जाणारा जीव शिकवण्यात जाऊ दे. जड धडा सकाळी घे. गाणी, गोष्टी, बोटांचे खेळ दुपारी, भात अंगावर येतो तेव्हा. उद्याचा धडा आज संध्याकाळी भिंतीला शिकवून बघ. भिंत हसत नाही आणि तुझं अडखळणं तुला कळतं. आणि ओरडू नकोस. हळू बोललीस की ऐकायला म्हणून पोरी गप्प बसतात. मी हे म्हशीवर करून बघितलंय.

आणखी एक. गेल्या वर्षी तू माझ्याबरोबर आवणीला उतरलीस आणि सारखी मान वळवून किती राहिलं ते बघायचीस. बघितलंस की कंबर धरायचीस. भाताची रोपं लावताना आपण मागं मागं सरकतो, हे तू ध्यानात घेतलं नाहीस. लावलेलं समोर हिरवं दिसतं, उरलेलं पाठीमागं असतं. म्हणून तर बाई दिवसभर वाकून टिकते. डिपोटी यायचा तेव्हा येईल, तो पाठीमागं आहे. आज काय लावलं तेवढं बघ.

मी वाचायला कशी शिकले ते राघोनं तुला सांगितलं असेल, पण तो अर्धंच सांगतो. तो पहिलीत होता, पाटीवर गिरवायचा, आणि मी चुलीपुढं राखेत तेच गिरवायची. त्याला शाबासकी मिळायची, मला भात उतू गेल्याबद्दल बोलणी. पुढं एक सवय लावून घेतली. शहापूरच्या दुकानातून गूळ-मीठ ज्या कागदात बांधून येई तो टाकायचा नाही, निजण्याआधी सगळा वाचायचा. केसांच्या तेलाची जाहिरात असो नाही तर कोर्टातली बातमी. एका खुनाची अर्धीच बातमी माझ्या वाट्याला आली, उरलेला कागद दुसऱ्या कुणाच्या मिठाला गेला असणार. त्या माणसाला फाशी झाली की तो सुटला, मला आजवर कळलं नाही. पण कागद चुकवला नाही. वाचन असं आलं. कुणी पुढ्यात बसून शिकवलं नाही.

राघोचं पत्र होतं. इंजिनांच्या शेडात रात्रपाळी चालू आहे. खाणावळीच्या भाताला नावं ठेवतो. बाकी बरा आहे.

सावळीबाईंना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्या पडवीत चप्पल कुठं काढायची ते आधी विचारून घे.

तुझी आत्याबाई,
देवकी


सापगाव,
ता. १० ऑगस्ट १९४१

चि. सौ. वत्सला हिला,

आशीर्वाद. पत्राला उशीर झाला. आवणी उरकली, पण घरात काम वाढलंय. हेही उठत-बसत लिहितेय, म्हणून शाई कुठं दाट, कुठं फिकी.

तुझं मोजणीचं पत्र वाचून मी एवढी हसले की आतून विचारणा झाली, काय झालं म्हणून. तू वालाचे दाणे मांडलेस, गोजर नावाच्या पोरीला म्हणालीस, मोज. ती म्हणाली, "लाभ, दोन, तीन." तू म्हणालीस, "लाभ नाही, एक." ती म्हणाली, "बाई, एक बोलला त घरात धान ऱ्हात नाय." आणि सगळ्या वर्गानं मान डोलावली. तू लिहितेस, मला रडावं की मारावं कळेना. दोन्ही केलं नाहीस ते बरं केलंस.

तुझ्या माहेरी धान्य दुकानातून यायचं, दुकानदार मोजायचा, म्हणून तुला हे खुळं वाटलं. खळ्यावर भात मोजताना पहिली पायली म्हणजे लाभ, दुसरी म्हणजे दोन. पहिल्या मापाला एक म्हटलं की रास एकावरच थांबेल, असं भय. मी लग्न होऊन आले त्या वर्षी खळ्यावर एक म्हणाले, तर माझ्या सासूनं ती पायली परत राशीवर ओतायला लावली. म्हणाली, "तुज्या बापाकडं एक असंल. आमच्याकडं लाभ हाय." सगळं खळं हसलं. तेव्हापासून धान्य पुढ्यात आलं की माझ्या तोंडून एक निघत नाही, आणि गोजरच्याही निघणार नाही.

म्हणून म्हणते, लाभ त्यांच्या घरचा आहे, एक शाळेचा आहे. घरचं उपटून शाळेचं लावायला गेलीस तर रोप हातात येईल. लाभ राहू दे आणि एकही शिकव. दोन्ही म्हणू देत. मोठ्या झाल्या की लाभ आपोआप गळेल.

बाजाराच्या दिवशी पोरी येत नाहीत म्हणतेस. आदल्या दिवशी गोष्ट अर्धी सांगून ठेव आणि उरलेली बाजाराच्या दिवशीच सांग. चार यायच्या तिथं सात येतील. आल्या नाहीत त्यांना ओरडू नकोस, आल्या त्यांना विचार, घरी कोण आजारी नाही ना. आईबापांना वाटलं पाहिजे की या बाईच्या वर्गात आपली पोर मोजली जाते.

राघोचं पत्र नाही म्हणून लिहिलंस. तो लहानपणापासून पत्राचा आळशी. बरा आहे. त्याच्या पत्राची वाट बघत संध्याकाळी खिडकीत बसू नकोस, भिंतीला धडा शिकव.

इकडं आज भात करपला. काल कच्चा राहिला होता. भाकरीला अजून आकार नाही, मधे जाड आणि कडा फाटलेल्या. होईल हळूहळू. नव्या हाताला वेळ द्यावा लागतो. मी शेतावर असते, तेव्हा चुलीपाशी जो बसेल त्यानंच करायचं, दुसरं कोण येणार. ते असो.

धाकलू तुमच्या बाजाराला येईल. मी त्याच्याकडून खोबरेल आणि चुना मागवला आहे. कशाला मागवला हे तो सांगू लागला तर लक्ष देऊ नकोस. म्हाताऱ्या माणसाच्या घरात असल्या वस्तू लागतात.

गणपतीला येऊ नकोस. सुट्टी लहान, ओढे भरलेले. तिथंच राहून वर्ग पक्का कर.

तुझी आत्याबाई,
देवकी


सापगाव,
ता. ९ सप्टेंबर १९४१

चि. सौ. वत्सला हिला,

हे धाकलूच्या हाती देतेय. तो सुकी मासळी घेऊन धसईच्या बाजाराला निघालाय. टपालानं पाठवलं तर पोचायच्या आत तू पेटी बांधून निघशील.

तुझं पत्र काल आलं. डिपोटीसाहेबांनी टेबलावर दहा वाल मांडले आणि तुझ्या सगळ्या वर्गानं एका सुरात "लाभ, एक, दोन" म्हणत ते नऊ मोजले. एकीलाही दहा आले नाहीत. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही यांना चुकायलासुद्धा एकत्र शिकवलंत." शेरा लिहिला, पाया कच्चा, दसऱ्यानंतर पुन्हा तपासणी, तेव्हा सुधारणा न दिसल्यास नेमणूक रद्द. आणि तू लिहितेस, आता त्या टेबलापुढं पुन्हा उभी राहणार नाही, शनिवारी पेटी घेऊन घरी येते, तिथून इगतपुरीला जाते.

आधी मोजणीचं. ते माझ्यामुळं झालं. दोन्ही म्हणू देत असं मीच लिहिलं होतं. दोन्ही म्हटलं की पहिल्या दाण्याला लाभ, दुसऱ्याला एक, आणि शेवटचा दाणा नावाशिवाय बसून राहणार, हे मला इथं बसून दिसलं नाही. पोरींनी तुझं ऐकलं, तू माझं ऐकलंस, चुकलं कुठं ते सरळ आहे. खळ्यावरचं मला कळतं, शाळेतलं नाही. यापुढं मोजणीत मी सल्ला देणार नाही. तू रोज त्या पोरींची तोंडं बघतेस, तूच शोध.

आता दुसरं. तू शनिवारी आलीस तर उंबऱ्यातच कळेल, त्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

राघो इगतपुरीला नाही. घरी आहे. जुलैत शेडात काम करताना उकळतं पाणी त्याच्या डाव्या पायावर सांडलं, घोट्याखाली सगळीकडे. रेल्वेच्या दवाखान्यात ठेवला होता, मग इकडं पाठवला. पाय वाचलाय. नवी कातडी धरतेय, काठी घेऊन ओटीपर्यंत येतो. आता भीतीचं काही उरलेलं नाही. असतं तर मी कळवलं असतं, एवढा विश्वास ठेव. ठेवता आला तर.

खोबरेल आणि चुना त्यासाठी. करपलेला भातही त्याचाच. आवणीच्या दिवसांत मला घरी बसणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला चुलीपाशी पाय लांब करून बसवला आणि म्हटलं, आधण ठेव. तो म्हणाला, "आये, मी बापया हाय." मी म्हटलं, "भाताला ते कळत नाय." रुसला, उपाशी राहिला, मग भूक लागली तेव्हा ठेवलं आधण. आता भाकरी गोल होते. खाणावळीला नावं ठेवणं बंद झालंय.

तुला का नाही कळवलं, ते सांगते. कळवलं असतं तर तू त्याच दिवशी निघाली असतीस, आणि तुला कुणी चूक म्हटलं नसतं. नवरा खाटेवर असताना बायको परगावी राहते, असं आपल्यात कुठं असतं. लहानी रोज कुंपणावरून ऐकवते, "सून मास्तरीन, ल्योक खाटंवर, आन् म्हातारी चिखलात. तुमचं घर उलटं टांगलंय गो." मी म्हटलं, "उलटं त उलटं, गळत त नाय ना." ती हसत गेली, पण विहिरीवर जाऊन सांगायचं ते सांगितलंच. कच्च्या नेमणुकीतलं माणूस महिनाभर घरी बसलं तर ती जागा त्याच्यासाठी कोण ठेवणार. वर्ग मोडून मुलांच्या वर्गात घातला असता, आणि त्यातल्या किती पोरी दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या असत्या ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. राघोचा पाय मी धुऊ शकत होते. तुझा वर्ग मी घेऊ शकत नव्हते. मी एवढंच बघितलं. धाकलूलाही तोंड मिटून ठेवायला मीच सांगितलं होतं, त्याच्यावर रागावू नकोस.

आता तू ठरव. यायचं तर ये, घर तुझं आहे, नवरा तुझा आहे. पण शेऱ्याला भिऊन निघत असशील तर राघोच्या पायाचं नाव पुढं करू नकोस. आणि राघोला बघायला येत असशील तर पेटी तिथंच ठेवून ये. दसऱ्यानंतर त्या टेबलापुढं एकदा उभी राहा. मग कायम झालीस तरी नोकरी सोडून इगतपुरीला जावंसं वाटलं तर जा, मी तुझी पेटी स्वतः ठेसनावर नेईन. फक्त हाकलल्यासारखी जाऊ नकोस, चालत जा.

राघोशी या बाबतीत मी काय बोलले आहे, तेही लिहायला हवं. पण धाकलू दारात उभा आहे, त्याला उशीर होतोय.

तुझी आत्याबाई,
देवकी


सापगाव,
ता. १२ ऑक्टोबर १९४१

चि. सौ. वत्सला हिला,

आशीर्वाद.

भात पोटरीतून बाहेर आलाय. वरच्या खाचरात थोडी कीड आहे, खालचं चांगलं आहे. कालवड दावं तोडते.

सर्वपित्रीच्या सुट्टीला आलीस. पेटी न घेता आलीस. राघोचा पाय बघितलास, मलमपट्टी केलीस, त्याच्या हातची भाकरी खाल्लीस आणि दुसऱ्या दिवशी गेलीस. माझ्याशी "आत्याबाई, पाणी तापलंय" आणि "आत्याबाई, येते" एवढंच बोललीस. त्याचा मला राग नाही. आपली भिंत कुडाची आहे, आतलं बाहेर ऐकू येतं.

तो म्हणाला, "तुला कळला तरी तू आली नायस. आयेनं सांगितला, तिला शाळा सोडता येत नाय, ती नाय येवाची."

तू म्हणालीस, "मला गेल्या बाजाराच्या दिवशी कळलं."

मी ओटीवर सुपात तांदूळ घेऊन बसले होते. पाखडायचं सुचलं नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की धाकलू दारात उभा आहे, त्याला उशीर होतोय. धाकलू ओटीवर चहा पीत बसला होता आणि लहानीशी मासळीच्या भावावरून भांडत होता. वेळ भरपूर होता. मला ते लिहवलं नाही.

राघो आला तेव्हा रोज विचारायचा, वत्सलाला कळवलं का. मी म्हटलं, कळवलं. मग विचारायचा, काय म्हणते. मी म्हटलं, तिला येता येत नाही. मग त्यानं विचारणं सोडलं, आणि तुला पत्र लिहिणंही सोडलं. तुझी पत्रं आली की मी वाचून कणगीमागं ठेवायची, त्याच्या हाती लागू नयेत म्हणून. तुझ्यापासून त्याचा पाय लपवला तो तुझ्या नोकरीसाठी, आणि तसंच पुन्हा घडलं तर मी पुन्हा लपवीन, हे तुला आवडणार नाही तरी लिहिते. पण त्याला जे सांगितलं ते नोकरीसाठी नव्हतं. खरं सांगितलं असतं तर त्यानं हट्ट धरला असता, स्वतः कार्ड लिहिलं असतं, मला त्याच्याशी भांडावं लागलं असतं. दिवसभर चिखलात वाकून आल्यावर भांडायला अंगात जोर नव्हता. तुला दगडाच्या काळजाची ठरवणं सोपं होतं, म्हणून ठरवली. तो खाटेवर पडल्या पडल्या महिनाभर त्या दगडाचा विचार करत होता. तू त्या वेळी खिडकीत त्याच्या पत्राची वाट बघत होतीस, आणि मी त्याबद्दलही तुला बोलले.

एवढंच लिहायचं राहिलं होतं.

तुझा निकाल तुझ्याकडून कळला नाही, धाकलूकडून कळला. त्याला बाजारात गोजरच्या बापानं सांगितला, म्हणजे वाटेत त्यात मीठमसाला पडला असणार. डिपोटीसाहेबांनी पुन्हा वालच मांडले म्हणे. गोजर पुढं आली. पहिला दाणा उचलून म्हणाली, "लाभ म्हंजी एक." मग दोन, तीन करत दहावर थांबली. साहेब म्हणाले, "लाभ आणि एक, ही दोन झाली की गं." ती म्हणाली, "सायेब, मला घरी चिमी बोलतात, शालंत गोजर बोलतात. म्हून मी दोन व्हते काय." साहेब हसले की नाही यावर धाकलूचं आणि गोजरच्या बापाचं जमत नाही. पण शेरा बदलला आणि तू कायम झालीस, यावर दोघांचं जमतं.

दोन नावांचा एकच दाणा. मला हे सुचलं नसतं. मी दोन नावं दोन दाण्यांना वाटून मोकळी झाले होते. धाकलूनं सांगितलं की तू रोज शाळा सुटल्यावर पोरींना ओळीत उभं करून घरचं नाव आणि शाळेचं नाव म्हणायला लावायचीस, आणि गावातली माणसं थांबून बघायची. हे कुणाच्या पत्रातलं नव्हतं. तुझं होतं.

राघो काल इगतपुरीला रुजू व्हायला गेला. पाय बुटात शिरतो. जाताना तवा मागितला. मी म्हटलं, खाणावळ आहे की. म्हणाला, "तिथल्या भाकरीला कडा नसतात." दिला तवा. मग पायरीवर बसून बूट बांधता बांधता म्हणाला, "आये, मी तिला वरसाचा शबुद दिलता. आता तो मोजीत नाय. सुट्टीत ती येल, नायतर मी जाईन." हे तो तुला लिहीलच, पण तो पत्राचा आळशी आहे. मागं हेच लिहिलं ते लपवण्यासाठी होतं, या वेळी खरंच तेवढ्याच अर्थानं लिहितेय.

तू आता पत्रं त्याला लिहितेस. सर्वपित्रीनंतर जी आली ती त्याच्या नावानं आली. तो ओटीवर बसून मोठ्यानं वाचायचा, मला ऐकू जावं म्हणून, आणि मी भांडी घासत ऐकायची. माझं नाव त्यात कुठं येत नसे. एकदा तो वाचता वाचता अडला आणि त्याचा आवाज बदलला. मला कळलं, हा आता माझ्यासाठी एक ओळ पदरची घालणार. मी म्हटलं, "हाय तेवढाच वाच रे." त्यानं मग तेवढंच वाचलं.

आता तो इथं नाही, म्हणजे तुझं पत्र या घरी यायचं कारण उरलेलं नाही.

कायम झालीस म्हणून सैल पडू नकोस. पुढच्या वर्षी नव्या पोरी येतील, त्याही लाभच म्हणतील, पुन्हा पहिल्यापासून लावायचं. घसा जप. सावळीबाईंना दिवाळीचे पोहे नेऊन दे.

दिवाळी आठवड्यावर आली. तू इगतपुरीला जाशील, जायलाच हवं. मुरबाडहून कल्याणला मोटारीनं जाऊन पुढं गाडी धरलीस तर सोपं पडतं. सापगाववरूनही वाट आहे, ती लांबची आणि खडबडीत. कोणती धरायची ते मी सांगत नाही. सांगायचं ते मी यंदा पुष्कळ सांगितलं.

शेवटी 'मी बरी आहे, माझी काळजी करू नकोस' असं लिहिलं होतं. तुला यापुढं खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून ती ओळ खोडली.

देवकी